पोथीपुढे सांगितलेलं

त्या चातुर्मासात आमच्या आळीतल्या बायांनी चुगली सोडली. एरवी कोणी वांगं सोडायची, कोणी कांदा-लसूण, कोणी खाटेवर झोपणं. माझी माय दर वर्षी चहा सोडायची आणि चौथ्या दिवशी डोकं धरून पुन्हा चुलीवर आधण ठेवायची. पण त्या वर्षी गोदामावशीने ठरवलं की पोटाचे नेम पुष्कळ झाले, आता जिभेचा नेम धरायचा. कोणाच्या माघारी कोणाबद्दल बोलायचं नाही, आणि जे बोलायचं ते खरं बोलायचं. आषाढातल्या एकादशीला तिच्या ओसरीवर नऊ-दहा बायांनी एकामागून एक पोथीवर हात ठेवून हा नेम घेतला. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. नेम मीही घेतला, कारण पोथी वाचणारी मीच होते, आणि वाचणारीनेच नेम धरला नाही तर बाकीच्यांनी काय म्हणून धरावा, असं गोदामावशीचं म्हणणं पडलं.

आमचं घर डोणगावात, आळीच्या तोंडाशी. बाबांचा दोन एकर भाजीपाला होता, विहिरीवरच्या इंजिनाच्या जोरावर पिकवलेला. त्यामुळे घरात कायम ओल्या पोत्यांचा आणि कोथिंबिरीचा वास असायचा. आमच्याकडे तिला सांभार म्हणतात, आणि मी पुढे नोकरीला लागल्यावर बाहेरच्या शिक्षिका त्यावरून मला किती हसल्या, ते वेगळंच. सकाळी जाग यायची ती मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने. त्यात समोरच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला की बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून आमच्या घरातली सगळी माणसं जन्मभर मोठ्याने बोलत राहिली. ज्वारीची भाकर, वर तेल सोडलेली अंबाडीची भाजी आणि ठेचा एवढं खाऊन मी सकाळच्या शाळेत जायचे. दुपारी परत आले की पाय धुऊन गोदामावशीकडे. माझा आवाज तेव्हा खणखणीत होता. पुढे तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांवर ओरडून तो बसला.

गोदामावशी आमची नात्याने कोणी नव्हती, पण आळीची मावशी होती. लवकर विधवा झालेली, पोटी मूल नाही, करड्या शिस्तीची. तिला अक्षरओळख नव्हती, मात्र पोथी जवळजवळ पाठ होती. एखादी ओळ माझ्या वाचण्यातून निसटली की डोळे मिटल्या मिटल्या बोट वर करायची. ओसरीत चौरंग, चौरंगावर लाल कपड्यातली पोथी, शेजारी उदबत्ती, आणि भोवती बाया. हात कोणाचेच रिकामे नसत. एखादी वाती वळायची, एखादी मुगाच्या वाळक्या शेंगा सोलायची, आणि शेंगा फुटल्याचा तो बारीक तडतडाट माझ्या वाचण्याच्या मागे सतत चालू असायचा. मी अध्याय वाचायचे, मावशी अर्थ सांगायची, शेवटी फुटाणे आणि गुळाचा खडा. त्या गुळाला मुंग्या लागलेल्या असल्या तरी कोणी बोलायचं नाही, कारण प्रसादाला नावं ठेवणं हीसुद्धा निंदाच, असा एक पोटनियम मध्येच निघाला होता.

श्रावणात वाणीच्या तपाचा अध्याय आला. तप म्हणजे अंगाला राख फासणं नव्हे, बोलण्याचंही तप असतं, असं त्यात होतं. ते बोलणं ऐकणाऱ्याला टोचणारं नसावं, ते खरं असावं, ते गोड असावं आणि त्यातून ऐकणाऱ्याचं हित व्हावं. अशा चार अटी होत्या. मी त्या चारही खड्या आवाजात वाचल्या. पण मनात एकच ठेवली, खरं बोलायचं. बाकीच्या तीन मला लेच्यापेच्या माणसांसाठी लिहिल्यासारख्या वाटल्या. खरं म्हणजे खरं, त्यात गोड काय आणि टोचणारं काय. चौदाव्या वर्षी माणसाला अशी ऐट असते. माझी जरा जास्तच होती, कारण अख्ख्या आळीत पोथी वाचू शकणारी मी एकटी मुलगी होते आणि हे मला कोणी ना कोणी रोज सांगत होतं.

नेम घेतला तरी जिभेला हाड नसतंच, म्हणून मावशीने नेम मोडल्याची वाटही ठेवली होती. जिच्याकडून चुगली झाली तिने घरून मूठभर ज्वारी आणायची, पोथीशेजारच्या सुपात टाकायची आणि पोथीवर हात ठेवून आपला दोष सांगायचा. सांगायचा तो पुरता. कोणाबद्दल बोलले, काय बोलले, कोणापाशी बोलले, सगळं. अर्धं सांगितलं तर दोष फिटत नाही, असं मावशीचं मत होतं. सुपातली ज्वारी दुसऱ्या दिवशी पाखरांना जायची. पहिली मूठ कौसाबाईने टाकली. ही आमच्या आळीतली सगळ्यात बोलघेवडी बाई. तिने जावेच्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती आणि ते रडत रडत कबूल केलं. मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली की कबूल करायला वाघाचं काळीज लागतं. सगळ्या बाया तिच्याकडे कौतुकाने पाहत राहिल्या. मी पोथी मिटता मिटता ते पाहिलं आणि मला तिचा चक्क हेवा वाटला. माझ्याकडे कबूल करायला काहीच नव्हतं.

आता प्रमिलाबद्दल सांगते. प्रमिला आमच्या घरापासून तिसऱ्या घरातली, एकोणीस-वीस वर्षांची, किसनकाका आणि सरूकाकूंची धाकटी मुलगी. शिवणकाम करायची. माझं पहिलं परकर-पोलकं तिने शिवलं आणि उरलेल्या तुकड्यांची मला बाहुली करून दिली, तेव्हा मी बाहुल्यांशी खेळण्याच्या वयाची नव्हते तरी ती मी कित्येक वर्षं जपली. चातुर्मास लागायच्या आधी तिचं साक्षगंध झालं होतं, दुसरबीडच्या घरी. मुलगा शिकलेला, घर खाऊन-पिऊन सुखी, आणि मुख्य म्हणजे प्रमिलाला तो आवडला होता. तिने मला तसं सांगितलं नव्हतं, पण मशीन चालवताना ती गुणगुणायला लागली होती आणि आधी कधी गुणगुणत नसे. लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं होतं.

श्रावण संपत आला असताना एक दिवस शाळेला सुट्टी होती म्हणून मी बाबांबरोबर मेहकरला बाजाराला गेले. माल उतरवून बाबा हिशेब करायला आत गेले आणि मला रिकाम्या पोत्यांवर राखण बसवलं, बसस्टँडला लागूनच. समोर भज्यांची कढई होती. तिथे मला प्रमिला दिसली. तिच्याबरोबर एक माणूस होता, तिशीच्या आतला, पांढरा शर्ट आणि डोळ्यांवर काळा चष्मा. प्रमिलाने त्याचा हात धरला होता. दोघं कढईजवळ उभे राहून काहीतरी बोलत होते, मग तो हसला आणि तिने पदराने डोळे पुसले. पंधरा पावलांवर होती ती. मी पोत्यांच्या मागे सरकले आणि खाली बसले, तिला दिसू नये म्हणून. भीती वाटत होती आणि खोटं कशाला सांगू, मजाही वाटत होती. एस.टी. आली, माणसं मध्ये आली, आणि ती गाडी हलल्यावर पाहिलं तर दोघंही तिथे नव्हते.

दोन दिवस मी गप्प राहिले. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे. तिसऱ्या दिवशी माझी मैत्रीण लता आणि मी मळ्यात भेंडी तोडत होतो, आणि माझ्या तोंडून ते गेलं. मेहकरला प्रमिला एका माणसाचा हात धरून उभी होती, काळ्या चष्म्याच्या, आणि रडत होती. लताने विचारलं, कोण होता. मी म्हटलं, कोण असणार. बस, हे दोन शब्द. पुढची सगळी नासाडी त्या दोन शब्दांत होती, कारण बाकीचं मी पाहिलं होतं आणि हे मी बनवलं होतं.

रात्री मात्र झोप येईना. नेम मोडला होता. लता कोणाला सांगेल याची मला भीती नव्हती, ती मुलखाची मुखदुर्बळ. मला टोचत होता तो पोथीवर ठेवलेला हात. आणि टोचणीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, तिचं नाव मला खूप उशिरा घेता आलं. आता माझ्याकडेही कबूल करण्यासारखं काही होतं.

सोमवारी मी परकराच्या ओच्यात मूठभर ज्वारी घेऊन गेले. माय त्या दिवशी मळ्यात निंदणाला गेली होती, सरूकाकू पोथीला यायच्याच नाहीत, त्यांच्या घरी ते चालत नव्हतं. अध्याय झाला. मी ज्वारी सुपात टाकली, पोथीवर हात ठेवला आणि म्हटलं की माझ्याकडून चुगली झाली. शेंगांचा तडतडाट थांबला. गोदामावशीने डोळे उघडले आणि अगदी मायेने म्हणाली, "सांग बाई. पुरतं सांग, मंग हलकं वाटते."

मी पुरतं सांगितलं. कोणाबद्दल, काय, कोणापाशी. काळा चष्मा सांगितला, हात धरलेला सांगितला, डोळे पुसलेले सांगितले. लताने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तेही सांगितलं, कारण मला पोथीपुढे काही लपवायचं नव्हतं. बोलताना माझा आवाज अध्याय वाचतानासारखाच खणखणीत लागला होता. मावशीने माझ्या पाठीवरून हात फिरवला, पण कौसाबाईच्या वेळचं ते वाघाचं काळीज वगैरे काही म्हणाली नाही. फुटाणे वाटले गेले. माझ्या मुठीत जरा जास्त आले.

नेमाची मेख अशी होती की पोथीपुढे झालेलं बोलणं चुगलीत मोडत नव्हतं. कोणाच्या माघारी बोलायला बंदी होती, पण पोथीवर हात ठेवून सांगितलेलं पुन्हा सांगायला कुठे बंदी होती? बायांना दीड महिना एकमेकींशी बोलायला विषय नव्हता. तो मी त्यांना दिला, आणि वर देवाची मोहोर उठवून दिला. एरवी चुलीशी कोणी असं काही कुजबुजलं असतं तर दुसरीने नाक मुरडून म्हटलं असतं, जाऊ दे बाई, लोकांचं काय. यावेळी तसं म्हणायची सोय राहिली नाही. पोर पोथीवर हात ठेवून खोटं कशाला बोलेल? मी बोलले होते ते इतकंच, की मी लताला असं असं म्हटलं. त्यातला 'लताला असं म्हटलं' हा भाग ओसरीच्या पायऱ्या उतरता उतरता गळून पडला. कौसाबाईची सख्खी बहीण दुसरबीडला दिलेली होती.

आज माझ्या मोबाइलवर निवृत्त शिक्षकांचा एक गट आहे. सकाळी सहाला त्यावर देवाचे फोटो आणि सुविचार येतात, आणि सातपासून कोणाची सून कशी आहे ते सुरू होतं. मुलगी म्हणते, आई, तू त्यावर कधीच काही लिहीत नाहीस. मी तिला म्हणते, माझा कोटा चौदाव्या वर्षीच संपला.

मायच्या कानावर ते आलं तेव्हा ती ओरडली नाही. मला तिने भाकरी करता करता चुलीसमोर बसवलं आणि विचारलं, "तू पाह्यलं काय होतं? पाह्यलं तेवढंच सांग."

मी म्हटलं, त्याने तिचा हात धरला होता.

"कोनं कोनाचा?"

मला सांगता येईना. लताला मी सांगितलं तेव्हा प्रमिलाने त्याचा हात धरला होता. आता माझ्या डोक्यात त्याने तिचा धरला होता. तव्यावरची भाकर करपली. मायने ती काढून बाजूला ठेवली, दुसरी थापली नाही, आणि तशीच पिठाचे हात घेऊन सरूकाकूंकडे गेली.

तोवर उशीर झाला होता. पोळ्यानंतर चार दिवसांनी दुसरबीडहून दोन माणसं आली, बैठकीत बसली, चहा घेतला नाही, आणि साक्षगंधाचं लुगडं परत करा म्हणाली. आम्हाला सोयरीक करायची नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि किसनकाकांनीही चारचौघांत विचारलं नाही, कारण आळीभर काय चाललंय ते तोवर त्यांच्याही कानावर गेलं होतं. माणसं गेल्यावर त्यांनी प्रमिलाला ओसरीत उभं केलं आणि तो कोण होता म्हणून विचारलं. आमच्या अंगणातून ऐकू येत होतं. ती बोलली नाही. मग मारल्याचा आवाज आला, आणि तरी ती बोलली नाही.

तो तिचा मामा होता. सरूकाकूंचा सगळ्यात धाकटा भाऊ, त्यांच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, लोणारकडच्या एका गावात शेती करणारा. थोरल्या मुलीच्या लग्नात मानपानावरून त्याचं आणि किसनकाकांचं वाजलं होतं, आणि काकांनी शपथ घातली होती की हा माणूस पुन्हा माझ्या उंबऱ्यावर दिसला तर बायकोलाही त्याच्याबरोबर पाठवून देईन, कायमची. पण मुलीच्या लग्नात तिच्या पाठीशी मामा उभा राहायला हवा. सरूकाकूंनी काज-बटणाचं निमित्त करून प्रमिलाला मेहकरला पाठवलं होतं, मामाला सांगायला, की तू ये, पुढे काय व्हायचं ते होऊ दे. मामाच्या डोळ्याला ज्वारीचं पातं लागून जखम झाली होती, तो तिथे डॉक्टरकडे येत होता. काळा चष्मा त्यासाठी. धड दिसत नव्हतं म्हणून प्रमिलाने त्याचा हात धरला होता. तो येतो म्हणाला, म्हणून तिला रडू आलं. त्या मारानंतर सरूकाकूंनी हे सगळं मायला सांगितलं आणि तिचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "बाई, तोंडातून काढू नोको. माह्या घरातून मले जा लागन. पोरगी मार खाऊन राह्यली ती माह्यासाठीच."

माय घरी आली आणि मला सांगितलं. तिने का सांगितलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला शिक्षाच करायची असेल तर तिला याहून मोठी सापडली नसती. खरं काय ते मला कळलं होतं, आणि ते मला बोलता येत नव्हतं. बोलले तर सरूकाकू घराबाहेर, गप्प राहिले तर प्रमिला बदनाम. ऐकणाऱ्याचं हित होईल तेच बोलावं, ही अट मी लेच्यापेच्यांसाठी म्हणून सोडून दिली होती. ती आता माझ्यासमोर उभी होती आणि मला तिचं काय करायचं ते कळत नव्हतं.

मी एक करून पाहिलं. पुन्हा ओच्यात ज्वारी घेतली, पोथीवर हात ठेवला आणि म्हटलं की मी लताला बोलले ते अंदाजाने बोलले, तो माणूस कोण होता ते मला तेव्हा माहीत नव्हतं, प्रमिलाबद्दल वाईट समजण्यासारखं मी काही पाहिलेलं नाही. यावेळी माझा आवाज चिरका निघाला. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कौसाबाई म्हणाली, पोरीला तिच्या मायने पढवून पाठवलंय, शेजारधर्म म्हणून. ती खोटं बोलत होती असं नाही, तिला खरोखर तसं वाटत होतं. मी गोदामावशीकडे पाहिलं. तिने सुपातल्या ज्वारीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "शोभे, तू दोनदा हात ठेवला अन् दोनदा दोन गोष्टी सांगतल्या. बायांनी कोनती धरावी?"

मी म्हटलं, ही. तेव्हा ती मान हलवून म्हणाली, "आता नाही धरत कोनी. पयलीच गोड लागते."

तिने सूप उचललं, ज्वारी अंगणात फेकली, पाखरांची वाट न बघता, आणि पोथी लाल कपड्यात गुंडाळली. अध्याय अजून बरेच राहिले होते. त्यानंतर त्या ओसरीवर पोथी वाचली गेली, पण कबुलीचं सूप पुन्हा दिसलं नाही, आणि वाचायला त्यांनी देवळातल्या गुरवाच्या सुनेला बोलावलं. मला कोणी येऊ नकोस म्हटलं नव्हतं. मीच गेले नाही.

प्रमिलाचं लग्न फाल्गुनात उरकलं, पार तिकडे वाशिमच्या पलीकडे, दोन मुलांच्या बापाशी. दारात मांडव होता, पण आळीतल्या बाया जेवायला आल्यासारख्या आल्या आणि जेवून गेल्या. मी आमच्या अंगणातून पाहत होते. मंगलाष्टकांच्या वेळी मामाला बोलवा म्हणून भटजींनी हाक दिली, तेव्हा थोडी चुळबूळ झाली आणि भावकीतल्या कुठल्याशा एका म्हाताऱ्याला टोपी घालून तिच्या पाठीशी उभं केलं. सरूकाकू स्वयंपाकाच्या चुलीपाशी होत्या, त्या उठून आल्याच नाहीत. मला प्रमिलाची पाठ तेवढी दिसत होती. मला त्या दिवशी वाटलं की मी मरून गेले तर बरं होईल, आणि संध्याकाळी मी पंगतीतली बुंदी दोनदा मागून खाल्ली. दोन्ही खरं आहे.

त्यानंतरची वर्षं मी इथे लिहीत नाही. शिकले, नोकरी केली, लग्न, मुलं, मेहकरला घर. शाळेत मी पोरांना खरं बोला असं कधी शिकवलं नाही. त्याऐवजी एखादं पोर 'बाई, त्याने ना' म्हणत आलं की मी त्याला त्या दुसऱ्या पोरासमोर उभं करायचे आणि म्हणायचे, आता बोल. नव्वद टक्के पोरं गप्प होऊन जागेवर जायची. सहकाऱ्यांना ते विचित्र वाटायचं. प्रमिलाबद्दल अधूनमधून कळत राहायचं. नवरा बरा निघाला, सावत्र मुलांनी तिला आई म्हटलं, स्वतःची एक मुलगी झाली. हे ऐकून मला जरा हायसं वाटायचं आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटायची. सरूकाकू गेल्या, किसनकाका गेले, मामाही गेला. शपथ शेवटपर्यंत टिकली. बहीण-भावाची पुन्हा भेट झाली नाही.

गेल्या वर्षी इथे मेहकरला एका बारशाला गेले होते. हॉलमध्ये पंख्याखाली खुर्चीवर एक म्हातारी बसली होती, पाय पुढे करून, गुडघ्यांना पट्टे. तिने मला आधी ओळखलं. म्हणाली, "शोभी नं तू? पोथीवाली?" पन्नास वर्षं मी एक माफीचं भाषण तयार करत आले होते, शिक्षिकेला शोभेल असं, सुरुवात-मध्य-शेवट असलेलं. त्यातलं एक वाक्य आठवेना. मी तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात धरला, एवढंच जमलं. तिने गुडघ्यांचं सांगितलं, नातवाचं सांगितलं, त्याला पुण्यात नोकरी लागल्याचं सांगितलं. मी म्हटलं, प्रमिलाताई, माझ्यामुळे तुझं… तिने मला पुढे बोलू दिलं नाही. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मले म्हाईत हाये तू तिथं होती," ती म्हणाली. "पोत्याच्या मांगं तुहा परकर दिसे. मीच शिवेल होता, मले नाही वळखू येनार? मले वाटलं, आता येशीन, मंग येशीन." मग तिने विचारलं, "तू हाक काऊन नाही मारली वो?"

हा प्रश्न मला पन्नास वर्षांत कोणी विचारला नव्हता. मायनेही नाही, गोदामावशीनेही नाही, मी स्वतःला तर नाहीच. पंधरा पावलांचं अंतर. प्रमिलाताई म्हटलं असतं की झालं असतं. पाळण्याभोवती बाया नाव ठेवत होत्या, हसण्याचा गलका उठला होता, आणि मला खोटं बोलायला चांगली संधी होती. घाबरले होते म्हणता आलं असतं, लहान होते म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "हाक मारली असती तर मग मला सांगायला काही राहिलं नसतं."

मग तिने मान हलवली, जणू हेच उत्तर तिला आधीपासून माहीत होतं, फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. माझ्या हातातला तिचा हात तिने काढून घेतला नाही.

"मामानं भजे घेतले होते," ती म्हणाली. "गरम. तुलेबी देल्ले असते."